बोटभर जागा

खालापूर,
८ डिसेंबर २०२४

ती. विनिता आत्यास,
हर्षलाचा शि. सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी फोन केला तेव्हा तू पाच मिनिटं एकटीच बोललीस आणि काही ऐकू येत नाही म्हणून ठेवून दिलास. म्हणून आता कागद. रोहिदास रोज सकाळी कर्जतहून टेंपोत भाजी भरून आणतो आणि रिकामा परत जातो. पत्रं न्यायला-आणायला तो तयार आहे. त्याच्या बायकोने तुझ्या दुकानातून नेलेल्या चपला चावतात, एवढं मात्र तुला कळवायला सांगितलंय. कळवलं.

खरी बातमी वेगळी आहे. आमच्या रसायनीच्या कंपनीत सव्वीस जानेवारीला बायकांच्या बास्केटबॉलचे सामने आहेत, चार कंपन्यांचे. फळ्यावर यादी लागली आणि पहिलंच नाव माझं. लॅबच्या साहेबांना कुणीतरी सांगितलं की ही कॉलेजात खेळायची. आत्या, लग्नाला वर्ष झालं, तेव्हापासून मी चेंडूला हात लावलेला नाही. यादी बघून मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन बाहेर आले.

पण उजवा घोटा तुला माहीतच आहे. आंबेहळदीचा लेप तूच लावत होतीस महिनाभर. साध्या बुटांवर उतरायची मला भीती वाटते. घोट्याच्या वर येणारे, बास्केटबॉलचे हाय-टॉप बूट हवेत, बायकांच्या मापाचे. पांढरे मिळाले तर फार बरं. तुझ्या कल्याणच्या व्यापाऱ्याकडे असतील ना?

रूपेश बरा आहे. आई, म्हणजे सासूबाई, बऱ्या आहेत. वाल चांगला आलाय.

तुझी माया अशीच ऊबदार राहो.
तुझी,
हर्षला


दहिवली, कर्जत,
११ डिसेंबर २०२४

चि. सौ. हर्षलास,
अ. उ. आ.

रोहिदासच्या बायकोला सांग की चपला चावत नाहीत, तिने हट्टाने एक माप लहान नेलंय. माझ्यासमोर पाय दुमडून उभी होती.

तुझं पत्र गिऱ्हाइकांसमोर वाचलं आणि नाव यादीत पहिलं आहे तिथे मोठ्याने ओरडले म्हणे. मला माझा आवाज कळत नाही. शाळेचे बूट घ्यायला आलेलं एक पोर घाबरून आईमागे लपलं.

आता नीट वाच. दुकानदार बायकांना बूट दाखवतात ते बहुतेक पुरुषांचेच, लहान मापाचे. ते घ्यायचे नाहीत. बाईची टाच अरुंद असते आणि चवडा रुंद. पुरुषाच्या बुटात टाच आत खेळत राहते. टाच खेळली की घोट्यावरची पट्टी कितीही उंच असो, ती नुसती शोभेची. बूट टाचेला घट्ट हवा, चवड्याला सैल आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. ती बोटभर जागा ठेवली नाही, तर धावताना नखं काळी पडतात.

माप असं घे. संध्याकाळी घे, सकाळी नको, दिवसभरात पाय थोडा फुगतो. जाड कागद जमिनीवर ठेव, त्यावर पूर्ण भार देऊन उभी राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल उभी धरून कडेने फिरवायला सांग. स्वतः वाकून काढायचं नाही, वाकलं की पाय बदलतो. दोन्ही पायांचं काढ. उजवा मुरगळल्यापासून तो डाव्यापेक्षा किंचित मोठा असणार.

पांढरे म्हणे! खालापूरच्या मातीत दोन दिवसांत विटेसारखे होतील. पण बघते.

सासूबाईंना सांगितलंस का खेळणार म्हणून? त्याबद्दल एक अक्षर नाही पत्रात.

आशीर्वाद पोटभर आहेत, पत्रं मात्र उपाशी ठेवू नकोस.
तुझी,
आत्या


खालापूर,
१५ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत दोन्ही पाय पाठवते आहे. पेन्सिल रूपेशने फिरवली. गुदगुल्या होऊन मी तीनदा कागद फाडला, हा चौथा. आई ओट्यावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, लक्ष्मीची पावलं दारात काढतात ठाऊक हाय, कर्जतला टेंपोनं पाठवतात ते आज बघितलं.

खेळणार हे त्यांना सांगितलं. त्या काही नको म्हणाल्या नाहीत. मोबाइलवर बुटांचा फोटो दाखवला तर म्हणाल्या, येवढे उंच? पाय काय पोत्यात भरायचेत? मग स्वतःच खूप हसल्या. अगं, त्या तशा कडक नाहीत. कंपनीत मशीनपाशी गळ्यात काही चालत नाही, तर मंगळसूत्र देवापाशी ठेवून जात जा, असं त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

बूट लवकर पाठव. सरावाला माझे जुने घालते, तळ गुळगुळीत झालेत, वळताना घसरायला होतं.

तुझ्या पायांवर डोकं, आणि माझे पाय तुझ्या हातात.
हर्षला


दहिवली, कर्जत,
२२ डिसेंबर २०२४

चि. सौ. हर्षलास,
अ. उ. आ.

बूट रोहिदासबरोबर पाठवते आहे. पांढरेच मिळाले, कडेला जांभळी पट्टी आहे. व्यापाऱ्याला वाटलं नातीसाठी नेतेय. मी म्हटलं भाचीसाठी, ती उडी मारते तेव्हा तुझ्या दुकानाचं छप्पर हाताला लागेल. त्याने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही, पण मान हलवली.

आता दुसरं. माझ्याशी लपवाछपवी चालत नाही. तीस वर्षं मी लोकांचे पाय बघते आहे. तुझ्या कागदावर दुसऱ्या बोटाच्या मुळाशी दोन्ही पायांना गोल वळ उठलाय. भार देऊन उभी राहिलीस आणि पायात जोडवी होती. माप जोडव्यांसकट घेतलंस. म्हणजे जोडवी घालूनच खेळायचा विचार आहे की काय? चांदीचं कडं बुटात त्या बोटाला कापत जाईल. त्यासाठी एक माप मोठा बूट घेतला की टाच खेळणार आणि घोटा गेलाच. शिवाय अंगावर धातूचं काही असलं तर पंच मैदानात उतरू देत नाहीत, हे तूच मला कॉलेजात असताना सांगितलं होतंस. म्हणून मी माप जोडव्यांशिवायचं घेतलंय.

सासूबाईंना विचारायला तुला जड जातंय, हे पत्रावरून दिसतंच आहे. तर असं कर. बुटात एक छोटी पिशवी घातली आहे, दुकानातल्या मखमलीच्या तुकड्याची, मीच शिवली. कंपनीत गेल्यावर जोडवी काढून त्यात ठेव, सराव झाला की परत घाल. कुणाला कळतंय?

नाडी सगळ्यात वरच्या भोकापर्यंत ओव. फॅशन म्हणून वरची दोन मोकळी सोडतात मुली. तू सोडलीस तर परत पाठवून दे बूट.

घोट्याला जप, आणि माझ्यावरचा जीव वरच्या भोकापर्यंत बांधून ठेव.
तुझी,
आत्या


खालापूर,
१७ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

साडेतीन आठवडे मी तुला पत्र लिहिलं नाही, कारण साडेतीन आठवडे मी फार मजेत होते. बूट इतके सुंदर बसले की पहिल्या दिवशी मी ते घालून पाटावर बसून जेवले. पहिल्यांदा पूर्ण नाडी आवळून उभी राहिले तेव्हा घोट्याला कुणीतरी दोन्ही हातांनी धरल्यासारखं वाटलं. गल्लीतली हिरू रोज येऊन त्यांना हात लावून जाते. आई रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसायच्या आणि सकाळी अंगणाच्या दगडी गडग्यावर उन्हात ठेवायच्या. पोत्यांना ऊन दिलं, असं म्हणायच्या.

आता ते कपाटात आहेत आणि यादीतून नाव काढायचा निरोप मी रूपेशकडे दिलाय.

झालं असं. बुधवारी सरावाहून उशीर झाला आणि घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या. घाईत साडी नेसले आणि जोडवी घालायची राहून गेली. साडीखाली कुणाला दिसलं नाही. माझ्याही लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला बसले तर पाय मोकळे. तशीच बाहेर पळाले. आई अंगणात बसल्या होत्या, समोर माझे बूट आणि हातात तुझी मखमली पिशवी.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, रूपेश कामावर पोचला का, फोन करून बघ. मी केला. पोचला होता. अर्ध्या तासाने पुन्हा कर म्हणाल्या. मी कामावर गेले नाही त्या दिवशी. दुपारपर्यंत सात वेळा फोन करायला लावला. शेवटी रूपेशलाच वाटलं घरी काही झालंय आणि तो सुट्टी टाकून आला. त्याला दारात बघून त्यांनी जेवायला वाढलं आणि मगच स्वतः घास घेतला.

संध्याकाळी वालाच्या शेंगा सोलताना त्यांनी सांगितलं. रूपेश सात वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. भाताच्या लावणीत चिखलाने त्यांच्या पायांची बोटं सडली होती, जोडवी रुतत होती. म्हणून त्यांनी ती काढून पदराला बांधली, चार दिवसांपुरती. चौथ्या दिवशी सासरे सायकलवरून घरी येत असताना हायवेला ट्रकने उडवलं. आईंनी ही गोष्ट एकोणीस वर्षांत कुणाला सांगितलेली नाही. रूपेशलाही नाही. त्या म्हणाल्या, मंगळसूत्र काढ, कुकू नको लावू, मला काय बी वाटत नाय. पन जोडवी नको गं.

आता कळतंय. मागच्या वर्षी माझं बोट सुजलं होतं आणि मी जरा काढून ठेवू का विचारलं, तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला होता की पुन्हा विचारायचं धाडसच झालं नाही. म्हणून तुझी पिशवी मला सोपी वाटली.

मी त्यांच्या जिवाला असा घोर लावून खेळू शकत नाही. आणि कपाट उघडलं की बूट दिसतात. तू ते परत नेशील का?

रागावू नकोस, आणि माया कमी करू नकोस.
हर्षला


दहिवली, कर्जत,
१९ जानेवारी २०२५

श्रीमती गौराताई यांस,
विनिताचा स. न. वि. वि.

तुमच्या नावाआधी गं. भा. लिहायची पद्धत आहे, पण मला कुणी तसं लिहिलेलं आवडत नाही, म्हणून मीही लिहिलं नाही.

आधी माफी मागते. पिशवी मी शिवली आणि लपवायचं मीच शिकवलं. पोरीने नुसतं ऐकलं. घरात मोठं माणूस असताना दुरून कानमंत्र द्यायला नको होता. त्या दिवशी तुमच्या जिवाचं काय झालं असेल, हे कळल्यापासून मला दुकानात लक्ष लागत नाही.

परवानगी मागण्यासाठी हे पत्र नाही. तुम्ही नको म्हणालात तर बूट मी परत नेईन आणि पुन्हा शब्द काढणार नाही. एवढंच सांगायचं आहे, जे मीही आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती तेव्हा आमचे हे गेले. तापाने, चार दिवसांत. त्या अकरा वर्षांत जोडवी माझ्या पायातून एक दिवस उतरली नव्हती. एकदा बोट सुजून निळं पडलं, सोनार कापून काढू म्हणाला, तर मी त्याच्याशी भांडून घरी आले. तरीही ते गेलेच. मग मी कितीतरी वर्षं शोधत बसले. कुठला उपास चुकला, कुठल्या दिवशी काय विसरले. तुम्हाला निदान काहीतरी सापडलं, ताई. मला काहीच सापडलं नाही आणि तरी शोध थांबला नाही.

पोटासाठी दुकान घातलं. तेव्हापासून हजारो बायकांचे पाय मी मांडीवर घेतले. जोडवीवाले, बिनजोडव्यांचे, भेगा पडलेले, मेंदी लावलेले. पायावरून मला माप सांगता येतं, बाई किती चालते ते सांगता येतं. कुणाचा नवरा किती जगेल, हे एकाही पायाने मला कधी सांगितलं नाही.

तुम्ही त्या दिवशी चिखलाने सडलेलं बोट मोकळं केलंत. तेवढंच केलंत. ट्रक तुम्ही चालवत नव्हता.

हे वाचून तुम्हाला राग आला तर तो माझ्यावर धरा, हर्षलावर नको. तुमच्या बुटांना ऊन द्यायच्या गोष्टी ती फार प्रेमाने लिहिते.

ओळख थोडी असली तरी मन मोठं ठेवावं.
आपली,
विनिता


खालापूर,
२७ जानेवारी २०२५

विनिताताईस,
गौराबाईचा नमस्कार.

मी चौथी शिकलेली. अक्षर वाकडं हाय, सांभाळून घ्या. हर्षला म्हणाली मी लिहून देते, मी म्हटलं नको. काय काय लिहायचंय ते तिच्यासमोर नाय लिहिता येणार.

तुमचं पत्र मी चार येळा वाचलं. राग नाय आला. पयल्यांदा वाचलं तेवा रडली. दुसऱ्यांदा वाचलं तेवा तुमच्या त्या सोनाराचं हसू आलं. शुक्रवारी रूपेशला सांगितलं, तुज्या बायकोचं नाव परत घालायला सांग त्या यादीत. तो म्हणाला, मी काढू दिलंच नव्हतं. आपल्या बापावर गेलाय.

काल सकाळी पोरीला मी पाटावर बसवली. साबण लावून माज्या हातानं जोडवी काढली. काढताना देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला सांगू. ट्रकची बातमी आली तशी मी घाईनं परत घातलेली माजी जोडवी दुसऱ्या बायकांनी ओढून काढली होती. हिची मी सावकाश काढली. मग बुटांना हळदकुकू लावलं. इचारलं नाय कोणाला. पांढऱ्यावर लाल डाग पडला, पन तिनं तो पुसला नाय. नाडी तुमी सांगितल्यावानी वरपर्यंत ओढली.

तुमची पिशवी मी गळ्यात बांधली आनि रूपेशच्या शेजारी जाऊन बसली. आजूबाजूला लय लोक. चेंडू कुठं चाललाय ते मला कळत नव्हतं. मी पोराकडंच बघत होती. तो आरडत होता, टाळ्या वाजवत होता. एक डाव पोरगी उडी मारून वाकडी पडली. माजा जीव गेला. तर ती उठली, पाय आपटून बघितला आनि परत पळाली. घोटा बुटानं धरला ताई. तेवापासून मी पन चेंडूकडं बघायला लागली.

हरल्या म्हनं. तीन गुणांनी. मला तर सगळ्याच चांगल्या दिसल्या. येताना टेंपोत आमची पोरगी सगळ्यांत मोठ्यानं हसत होती. एवढी हसते ते मला ठावं नव्हतं. वर्षभर आमच्या घरात ती हळू हसत होती काय, असं वाटलं.

घरी आल्यावर पाय धुवून जोडवी परत घातली. रूपेश तेवा अंगणात पोपटीच्या, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा खात बसलेला. दोन मडकी संपवली.

आता माजं काम. शेताच्या बांधावरून जाताना माजा पाय पन मुरगळतो. चप्पल घसरते. मला पन ते घोट्याच्या वरचे बूट पायजेत. पांढरे नको. सोबत पाय पाठवला हाय, संध्याकाळी भार देऊन, पेन्सिल हर्षलानं फिरवली. जोडवी नाय, त्यामुळं तुमाला माप सोपं जाईल.

लोक काय म्हनतील ते मी बघीन.

रोहिदासची बायको पन मोठं माप मागते.

नातं पोरीमुळं जुळलं, आता आपण चालू ठेवू.
तुमची,
गौराबाई


दहिवली, कर्जत,
३० जानेवारी २०२५

प्रिय गौराताईस,
स. न. वि. वि.

तुमचा पाय मिळाला. कागदावरून हात फिरवून पाहिला, दुसऱ्या बोटाखाली अगदी सपाट आहे. पण बोटाला खाच असेल अजून. माझ्या आहे. चिंता करू नका, चांगल्या बुटात ती दुखत नाही.

तुमच्या रेघेवर मी माझा पाय ठेवून पाहिला. टाचेपासून अंगठ्यापर्यंत बरोबर माझंच माप निघालं. म्हणून व्यापाऱ्याकडून दोन जोड आणले, राखाडी. नवे बूट पहिले दोन दिवस कडक असतात, तेव्हा तुमचा जोड घालून मी संध्याकाळी दुकानातच येरझाऱ्या घालते आहे, म्हणजे तुम्हाला मऊ मिळेल. गिऱ्हाइकं हसतात. मला ऐकू येत नाही.

पुढच्यासाठी अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवली आहे.

हे बूट मी रोहिदासच्या हाती देणार नाही. रविवारी त्याच्या टेंपोत पुढे बसून मीच येते. बूट पायात नीट बसला की नाही, हे टाच हातात घेतल्याशिवाय मला कळत नाही. तुमचा पाय माझ्या मांडीवर द्यायला लाजू नका. ते झालं की मला एक टोपली वालाच्या शेंगा द्या. ऐकू न येणाऱ्या बाईला शेजारी बसून सोलता येतात.

हर्षलाला सांगा, मी आल्यावर तिने मोठ्याने हसायचं. आवाज नाही कळला तरी चेहरा दिसेल.

रविवारपर्यंत माया राखून ठेवावी, तिथून पुढे ती दोघींनी मिळून वाढवू.
तुमची,
विनिता